शेवटचा हात

चित्राने अलीगंजच्या नव्या घराचं तळघर संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उघडलं, आणि तिच्या नवऱ्याने, चंद्रहासने, जमलेल्या बायकांना चक्क खिडकीतून बाहेर पडायला लावलं.

"समजा, जिन्यात धूर झालाय," तो म्हणाला. "तळघराला सुटकेची खिडकी नुसती असून भागत नाही. ती आतून, किल्लीशिवाय उघडली पाहिजे आणि साडीतल्या बाईला तिच्यातून निघता आलं पाहिजे. तालीम नको का?"

"मी अडकले, तर तिळगूळ इथेच आणा हं!" असं म्हणत शेजारच्या लठ्ठ लताताई सगळ्यांत आधी चढल्या. हशा पिकला.

खिडकी वर अंगणात उघडत होती. चित्रा तिथेच अमीनाबादी अत्तराची कुपी घेऊन बसली. बाहेर आलेला हात धरायचा, त्यावर अत्तर लावायचं आणि बाईला वर ओढायचं. काळ्या साड्या धुळीने माखल्या. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुन्हा बांगड्या किणकिणल्या. हिरवा चुडा भरलेला हात वर आला. छान उबदार होता. चित्राने अत्तर लावलं. "या ना!"

"आई, सब आ गए," मागून लेक स्वरदा म्हणाली. "लास्ट तो मैं थी."

चित्राने वळून पाहिलं. अंगणात सगळ्या होत्या. लताताई तिळगूळ चघळत होत्या.

हात अलगद सुटून आत गेला. खिडकी मिटली, आतून कडी लागली.

"मी अडकले, तर तिळगूळ इथेच आणा हं!" तळघरातून लताताईंचा आवाज आला, आणि आत हशा पिकला.