नळ गळायचा थांबला

समुद्राजवळच्या गिरीजच्या वाडीत बर्नार्डने बैलाचा रहाट काढून विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं, त्याला दुसरा उन्हाळा लागला होता. "बैल दमतो, तेवढ्यात विहीर दम घेते," असं शेजारचा म्हातारा मार्सेल म्हणाला होता. बर्नार्डने ते हसण्यावारी नेलं. इंजिन काही दमत नव्हतं. केळींना भरपूर पाणी मिळत होतं आणि घरामागच्या टाकीला पितळी नळही लागला होता. पिण्याचं पाणी गावविहिरीचं, बाकी सगळं, अगदी स्वयंपाकसुद्धा, या टाकीवर.

तो नळ हल्ली गळत होता. आज बर्नार्डने टाकी रिकामी केली, नळाची मूठ काढली, पान्ह्याने तो उघडला. आत पांढरी पुटं चढली होती, चामड्याचा वायसर पार कुरतडल्यासारखा झाला होता. "चुना धरलाय," म्हणत त्याने पुटं खरवडली, नवा वायसर बसवला आणि टाकी पुन्हा भरली. आता थेंबही गळेना.

खुशीतच तो मागल्या पडवीत जेवायला बसला. समोर केळीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. ऊनच तसलं पडतंय, त्याला वाटलं. गेले कित्येक दिवस पेज खारट झाली म्हणून तो बायकोवर, मटिल्डावर, खेकसत होता. आज घोट घेऊन म्हणाला, "हां, आज मीठ बेताचं पडलंय."

मटिल्डाने पेजेचं भांडं खाली ठेवलं. विहिरीवर इंजिन धडधडत होतं.



"आज मी पेजेत मीठ घातलंच नाही."