आधी ड्रायव्हर, मग डिस्क

"सहा," वहीवाले फोनवर म्हणाले. "सहा नंबरची डिस्क कमजोर झालीय. पण अजून हात लावू नकोस. आधी ड्रायव्हर, मग डिस्क."

"लिहून घेतो, साहेब," खालून वायरमन म्हणाला. "कागद नाही, हातावरच लिहितो. बायकोनं सांगितलेलं सामानही हातावरच असतं माझ्या. तरी निम्मं विसरतो म्हणा."

वहीवाल्यांना हसू आलं नाही. कामाच्या वेळी त्यांना ते सहसा येत नसे. त्यांनी वही उघडून तारीख, वेळ आणि पुढे 'डिस्क ६' असं लिहिलं. अख्खं इस्पितळ त्यांना वहीवाले म्हणायचं, काही जण मानानं आणि बाकीचे दात ओठ खाऊन.

सर्व्हर तळमजल्यावर होता, वहीवाल्यांचं टेबल तिसऱ्या मजल्यावर. सर्व्हरमध्ये आठ डिस्क. त्यांच्यावर एक ते आठ आकड्यांच्या चिठ्ठ्या वहीवाल्यांनीच चिकटवलेल्या. एक डिस्क गेली तर उरलेल्या सात भागवून नेत. दुसरी गेली की सगळा कारभार आटोपला. बदलायला आणलेली डिस्क नव्या जातीची होती, डिस्क चालवणारा जुना प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, तिला ओळखत नव्हता. म्हणून आधी ड्रायव्हर नवा करायचा.

नवा म्हणायचा आपला. या म्हाताऱ्या यंत्राला पेलेल अशी शेवटची आवृत्ती सहा वर्षांपूर्वीचीच होती. सोबतचं बारा पानी माहितीपत्रक वहीवाल्यांनी उघडलं नाही. तेव्हाही उघडलं नव्हतं. असली पत्रकं नवशिक्यांसाठी असतात, असं त्यांचं मत होतं.

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं पुढे सरकू लागली. तेवढ्यात घरून फोन आला.

"अहो, भाऊजींचा फोन होता," बायको म्हणाली.

"बरं मग?"

"आई सारखं त्यांचंच नाव घेतायत. डॉक्टर म्हणाले, आठवडा निघेलसं वाटत नाही. येऊ का, विचारतायत भाऊजी."

"माझी अट माहीत आहे त्याला."

"सहा वर्षं झाली हो त्या गोष्टीला."

"सत्याला मुदत नसते. चूक कबूल केली असं लेखी दे म्हणावं. दार उघडंच आहे."

"तुमचं सत्य तुम्हालाच लखलाभ," बायको म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

धाकट्या भावाला इथे नोकरीला चिकटवलं होतं तेही वहीवाल्यांनीच. त्या दिवशीही असाच सर्व्हर होता, याचाच जुळा भाऊ. सकाळी त्यांनी वहीत 'डिस्क ४' लिहिलं, दुपारी हाच ड्रायव्हर चढवला आणि मग तिसऱ्या मजल्यावरून खाली धाकट्याला फोन करून डिस्क काढायला सांगितलं. धाकट्यानं तीन नंबरची काढली आणि कमजोर चार नंबरनंही मान टाकली. रोग्यांच्या अकरा वर्षांच्या तपासण्या बघता बघता नाहीशा झाल्या.

"दादा, तूच तीन म्हणालास," धाकटा चौकशीत सगळ्यांसमोर म्हणाला.

"मी चार म्हणालो. ही बघ वही."

सगळ्यांनी वही बघितली. धाकट्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. "मी लिहून घेतलं नाही, एवढीच माझी चूक," हे एकच पालुपद त्यानं शेवटपर्यंत धरलं. नोकरी गेली, नाव गेलं. तो सर्व्हर भंगारात गेला. पुढे कुणी धाकट्याला कॉम्प्युटरजवळ फिरकू दिलं नाही. आता तो कुणाचा तरी टेम्पो चालवून पोट भरत होता.

चूक वहीवाल्यांनी केव्हाच पोटात घातली असती. ज्याला बोट धरून शाळेत नेलं, त्यानं भरसभेत तोंडावर खोटं बोलावं, हे त्यांना सहन होत नव्हतं. सहा वर्षं ते त्यांना आतून कुरतडत होतं.

पट्टी अर्ध्यावर आली असताना फोनवर निरोप आला. नंबर धाकट्याचा.

'दादा, तू चारच म्हणाला होतास. तीन मी काढली. चूक माझी. सगळ्यांसमोर खोटं बोललो तेही मीच. आता आईला भेटू दे.'

वहीवाल्यांनी निरोप दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसला, कारण अक्षरं नीट दिसेनात. राग कुठच्या कुठे गेला. शेवटी रक्ताचं नातं, पोरगं वळणावर आलं. वहीत 'डिस्क ६'च्या खाली त्यांनी तो निरोप तारीख-वेळेसह उतरवून काढला.

त्यांनी घरी फोन लावला. "ये म्हणावं त्याला. आजच ये म्हणावं. मी एका शब्दानं बोलणार नाही. मोठ्यानं मोठेपण दाखवायला हवं."

बायकोनं विचारलं, "दिलं लिहून त्यांनी?"

"दिलं. शेवटी खरं ते वर येतंच."

"कळवते," ती म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, पण वहीवाल्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

ड्रायव्हर चढला. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पडद्यावर आठ डिस्कची शून्य ते सात अशी यादी उमटली, सात हिरव्या आणि एक पिवळी. सगळं शिस्तीत. किती तरी दिवसांनी वहीवाल्यांना हलकं वाटत होतं. त्यांनी वही मिटली आणि खाली फोन केला.

"चल, काढ आता डिस्क."

"कितवी म्हणालात, साहेब?"

वहीवाल्यांनी पडद्यावरच्या पिवळ्या ओळीचा आकडा वाचला. "पाच."

खाली वायरमननं आपला हात बघितला.

"साहेब, माझ्या हातावर तर सहा आहे. मघाशी तुम्हीच सांगितलेलं."