डोळ्यांतलं माप

"आईला कसली टेप लावायची?" असं म्हणत कालिंदीने आईच्या अंगात नवं पोलकं चढवलं, आणि ते खांद्यावरून ओघळलं.

तिच्या कारखान्यातल्या शिलाई मशिनी थांबल्या. आईच्या मशीनखालच्या चिंध्यांतून बाहुलीचा परकर शिवला, तेव्हापासून ते नामांकित डिझायनर होईपर्यंत कालिंदीने टेप हाती धरली नव्हती. नवरदेवाची नुसती सावली बघून ती शेरवानी बेतायची. विचारलंत तर घोड्याचंही माप सांगायची.

माप आजही अचूकच होतं. फक्त ते मागच्या खेपेला पाहिलेल्या आईचं होतं, आणि ती खेप कधीची, हे धंद्याच्या धबडग्यात तिलाच आठवेना.

"एवढी वाळलीस? कळवायचं तरी."

"कळवून काय? डॉक्टरांनीच हात टेकले. तू आपली कामात."

शिवण आत घेऊन कालिंदीने जास्तीचं कापड छाटायला कात्री उचलली. आईने तिचा हात धरला. "कापू नकोस गं. तू वाढशील म्हणून तुझ्या फ्रॉकांत मी ठेवायचे, तसं राहू दे. भरेन की मी पुन्हा."

कालिंदीने कात्री ठेवली. कापड आत दुमडलं आणि उसवायला सोपा जाईल असा कच्चा टाका घातला.