डाव्या गालावरचा ठिपका

रोज ऑफिसला जाताना लावायला साधं, हलकं काहीतरी मिळावं म्हणून ओवी सध्या नवनवीन क्रीम आणि फाउंडेशन लावून बघत होती. हिंजवडीहून कंपनीच्या बसनं खोलीवर आली, की आधी कापसानं चेहरा पुसायचा, हे ठरलेलं.

काजळ ती कधीच लावत नसे. तरी डावा गाल पुसला की कापसावर एक काळा ठिपका उमटू लागला. गोल, बोटानं टेकवल्यासारखा. पुसण्याआधी आरशात मात्र तो कधीच दिसत नसे.

तिचा संशय रूममेटवर गेला. "पूर्णिमा, माझ्या कापसाला हात लावतेस का गं?"

"मला दुसरे उद्योग आहेत," पूर्णिमा म्हणाली, आणि सुट्टी घेऊन अकोल्याला घरी निघून गेली.

ठिपका येतच राहिला.

आईला फोनवर सांगितलं, तर ती हसली. "लहानपणी तिथंच तर तीट लावायचे मी तुला, दृष्ट लागू नये म्हणून. कोणीतरी काळजी घेतंय तुझी."

ओवीला ते मुळीच आवडलं नाही. फोन ठेवून ती रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाली, "कोण असशील ते अस. माझ्या चेहऱ्याला हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कापूस पांढराशुभ्र निघाला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला. सुटले बाई, असं पुटपुटत ती कापूस टाकायला वाकली.

तेवढ्यात तिच्या मानेवर काटा आला. मागून कोणीतरी तिच्याकडे डोळे भरून बघत होतं.