मामाची जागा

"मामा मांडवात नको," सुगंधा म्हणाली आणि तिनं अडकित्त्यात सुपारी कटकन फोडली.

सोनाजीचा हळदीचा हात धोतरावर तसाच राहिला. लेकीच्या लग्नाला दोन तास उरलेले, वाळूजच्या कामगार वसाहतीत मांडव पडलेला, आणि नवरी मुंडावळ्या बांधून परातीतल्या सुपाऱ्या फोडत बसलेली. नवरीनं असलं काम करायचं नसतं. पण सकाळपासून तिच्या हातातला अडकित्ता काढून घ्यायची कुणाची छाती झाली नव्हती.

"अगं, मग मागं उभं कोण राहील?"

"चांदपाशा चाचा. तुमच्याच पाळीला हायत की. मानलेला मामा चालतो."

"आन् मोतीराम?"

"ते माझे मामा नायत." कटकन.

मोतीराम दारातच होता. डोक्याला गुलाबी फेटा, काखेत मामानं द्यायची पिवळी साडी. त्यानं फेटा उतरवला, घडी मोडू न देता साडीवर ठेवला.

"बरं, पोरी," तो म्हणाला.

त्या 'बरं'नं तिच्या अंगाचा तिळपापड झाला. उभ्या जन्मात या माणसानं दुसरं काय म्हटलं होतं?

"आन् घरी जायचं नाय," ती मागून ओरडली. "सगळ्यांना दिसाल तिथं बसा. पहिल्या रांगेत!"

तिची आई बाळंतपणातच गेली. तेव्हापासून एकाची दिवसपाळी तर दुसऱ्याची रातपाळी, म्हणजे पाळण्याला कुणीतरी राहायचं. वेणी घालायची मोतीरामनं, भाकरी थापायची सोनाजीनं. हे दोघं एकमेकांचे कोण, हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही पडली नाही. एकाला ताप आला की दुसऱ्याच्या ताटातली भाकरी वाळून जायची. सोनाजी तिचा बा. मोतीराम तिचा आबा.

नामांतराची दंगल झाली तेव्हा ती सात वर्षांची. संचारबंदी दोन तास उठली म्हणून तिघं रॉकेलच्या रांगेत उभे. हवालदारानं मोतीरामच्या छातीला काठी लावली.

"हा कोण गं तुझा?"

"आबा."

"आणि तो?"

"बा."

हवालदार हसला. मागोमाग रांग हसली. सोनाजीनं लेकीच्या मुस्काटात ठेवून दिली. "मेव्हणा हाय साहेब माझा. पोरीचा मामा."

"व्हय साहेब," मोतीराम म्हणाला.

एका नावापायी तेव्हा वस्त्या जाळल्या जात होत्या. या घरात एक नाव बदललं, आबाचा मामा झाला, त्याचा धूर कुणाला दिसला नाही. गाल मात्र बारा वर्षं झाली तरी निवला नव्हता.

नवऱ्या मुलाची, बिरूची, आत्या भामाबाई बातमी ऐकून पदर सावरत आत आली. "बरं केलंस बाई. बहीण मेल्यावर कुठला मेव्हणा वीस वर्षं घरात राहतो? आमच्यात लई कुजबुज व्हायली होती. चांदपाशा तर चांदपाशा, तो निदान शेजारी तरी हाय."

"आता कुजबुज बंद, आत्याबाई. ज्याची त्याची जागा ज्याला त्याला."

"शहाणी गं माझी सून! बिरूला विचारलंस का पर?"

विचारलं होतं. महिन्याखाली, कंपनीच्या बसथांब्यावर. बिरूनं एक बस सोडली, दुसरी सोडली, आणि मग म्हणाला होता, "तू म्हणशील तसं."

"विचारलंय," सुगंधा म्हणाली आणि परातीतली शेवटची सुपारी फोडली. तबकं भरभरून पानासोबत मांडवात गेली. भामाबाईनंही मूठभर तोंडात टाकली.

अक्षता पडल्या. मागं चांदपाशा चाचा नव्या टोपीत ताठ उभे. पहिल्या रांगेत मोतीराम, मांडीवर गुलाबी फेटा घेऊन, मान खाली घालून.

कन्यादानाला सोनाजी पाटावर बसला. शेजारचा पाट रिकामा.

"मंडळी नाहीत ना तुमची?" भटजी म्हणाले. "मग कमरेला सुपारी खोचा. जोडीशिवाय कन्यादान होत नाही. बायकोच्या जागी सुपारी."

सोनाजीनं परात चाचपली. नुसता चुरा.

"गणपतीची हाय की ती एक," मागून कुणीतरी म्हणालं.

"मांडलेला गणपती उचलतात होय? शेरभर सुपाऱ्या आणवल्या होत्या मी! फोडल्या कुणी?"

"मी." सुगंधानं मुंडावळ्या बाजूला सारल्या. "जोडी जिती असताना सुपारी कशाला? आबा, फेटा बांधा आन् या. तुमचा पाट रिकामा हाय."