सबवूफरची जागा

स्वस्तातले दोन सबवूफर, म्हणजे नुसत्या बेसचे स्पीकर-बॉक्स, बंडूजींनी आपल्या दुकानातून विश्वासावर देऊन टाकले. "एकेक करून बॉक्स तुमच्या बसायच्या जागेवर ठेवजा, सुधाकरभाऊ, अन् तुमी खोलीभर रांगजा. जिथं बेस भारी लागते, तेच त्याची जागा. जो आवडला नाई, तो उद्या वापस."

म्हणून नालवाडीतल्या घराच्या बैठकीत, भर दुपारी, पंचावन्न वर्षांचे सुधाकरराव पायजमा गुडघ्यांवर दुमडून फरशीवर रांगत होते. पहिला बॉक्स सोफ्यावर त्यांच्या जागी ऐटीत बसून गाणं वाजवत होता.

"बेसपेक्षा तुमच्या गुडघ्याइचाच आवाज जास्त येऊन राह्यला!" सरिताबाई स्वयंपाकघरातून हसत ओरडल्या.

खिडकीपाशी बेस पोकळ वाटला. टीव्हीखाली बरा. दिवाणाच्या कोपऱ्यात मात्र तो छातीत भरला. खात्री करायला त्यांनी फरशीला कान लावला. ठोक्यांच्या मधे खालून आणखी एक आवाज येत होता, गुडघे घासल्याचा.

ते हातभर पुढे सरकले. खालचा आवाजही सरकला. ते थांबले. तो जरा उशिरा थांबला.

घर तळमजल्याचं. फरशीखाली नुसती काळी माती.

सुधाकररावांनी शांतपणे पिन काढली, बॉक्स उतरवून खाली ठेवला आणि ते सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. दुसरा लावून पाहायची गरज नव्हती. हाच ठेवू, असं त्यांनी ठरवलं आणि त्यांना बरं वाटलं.

"अहो," आतून सरिताबाई म्हणाल्या, "गाणं तं बंद केलं न तुमी? मंग अजून काऊन रांगून राह्यले?"