दोन साक्षीदारांसमोर

थोरला भाऊ दोन साक्षीदार घेऊन कारखान्यात शिरला, तरी सुताराचा रंधा थांबला नाही. लोहार ओंडक्यावर बसला. कुंभाराने बाकावरचा भुसा फुंकून स्वतःपुरती जागा केली. दोघेही हातातलं काम टाकून आले होते. असला कार्यक्रम कोण चुकवतो?

सुताराचं लग्न ठरलं होतं. पोरगी अजून बापाच्या घरी होती, आणि तिला दिवस गेले होते. ठरलेलं मोडायचं, तर मुलाने दोन साक्षीदारांसमोर ‘मी हिला सोडलं’ एवढं म्हणायचं, अशी तिथली रीत. कारण सांगायलाच हवं असं नव्हतं. ‘मूल माझं नाही’ हे कारण सांगितलं असतं, तर गावाने हातात दगड घेतले असते. म्हणून काही न बोलता तिला सोडायचं, हे काल सुतारानेच ठरवलं होतं. साक्षीदार आणायलाही त्यानेच सांगितलं होतं.

“चल, उरक,” थोरला म्हणाला.

सुताराने रंधा खाली ठेवला. “दादा, मी तिला सोडत नाही.”

थोरल्याने आधी हसून बघितलं, मग डोळे वटारून बघितलं. कशाचाच उपयोग होईना. सकाळी सुताराने त्याला रात्री पडलेलं स्वप्न सांगितलं होतं. भिऊ नकोस, तिला घरी आण, असं कुणी तरी म्हणत होतं म्हणे. पोट बिघडलं की अशी स्वप्नं पडतात, असं म्हणून थोरल्याने तो विषय तिथेच संपवला होता.

आता लोहार पुढे सरकला. गावात कुजबुज होतीच. त्याला फक्त शिक्का हवा होता. “पोरीला दिवस गेलेत म्हणतात. तुझं आहे का?”

दुसऱ्या कुणाला हा प्रश्न विचारून उपयोग नव्हता. पण या सुताराने लाकूड वाळलंय म्हटलं, की गिऱ्हाईक बोट लावून बघत नसे. बाकीचे सुतार भेगेत सरस आणि भुसा भरून मोकळे होत. हा आधी भेग दाखवायचा, मग दार विकायचा. धंद्याला असला खरेपणा परवडत नाही. त्याची आई मात्र एवढ्याच गोष्टीवर गावात मान वर करून चालायची. ती या वेळी घर आणि कारखाना यांच्यामधल्या दारात उभी होती.

सुताराने आईकडे बघितलं. हो म्हणावं तर ते खोटं, नाही म्हणावं तर पोरीचा जीव जाणार.

“बाळाचं नाव मी ठेवणार आहे,” तो शेवटी म्हणाला.

नाव ठेवण्याचा हक्क तिथे फक्त बापाचा. लोहाराने मांडीवर थाप मारली. लग्नाआधीच हा उद्योग, आणि तोही आमच्या साधुपुरुषाचा, असं काहीबाही तो कुंभाराला ऐकवत राहिला. थोरल्याच्या ओठांवर खरं आलं होतं, पण ते बोललं तर काय होईल हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने ते गिळलं.

“तू बाळाला नाव ठेव,” लोहार उठता उठता म्हणाला, “गाव तुला नावं ठेवील.”

जाताना तो भिंतीला टेकवलेल्या दाराच्या चौकटीपाशी थांबला. ती लोहाराच्याच घरासाठी बनत होती. त्याने वाकून सगळे सांधे तपासले, लाकडावर नख ओढून पाहिलं. सुताराच्या ते फार जिव्हारी लागलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कुंभाराने पाहिलं.

दोघे गेल्यावर थोरला भडकला. खोटं बोललास, म्हणाला. सुतार म्हणाला, बोललो नाही. पण त्यांना काय कळलं ते तुला कळलंय ना, असं थोरल्याने विचारल्यावर त्याने मान खाली घातली. या घराशी माझा संबंध नाही, असं सांगून थोरला निघून गेला. हे तो याआधीही म्हणाला होता, पण आज त्याने चपला नीट घातल्यासुद्धा नाहीत.

आई दारातच होती. तिचा चेहरा उतरला होता.

“काल मला म्हणालास, तुझं नाही.”

“नाहीच आहे.”

“मग कुणाचं?”

“ती म्हणते, देवाचं.”

आईने कपाळावर हात मारून घेतला. असलं आजवर कुणी ऐकलं आहे का, असं तिने विचारलं. सुतार म्हणाला, नाही, म्हणूनच तो रात्रभर तळमळत होता. पोरीला खोटंच बोलायचं असतं, तर तिने जरा पटेल असं खोटं सांगितलं असतं.

“तुला खात्री आहे?”

“नाही.”

“मग?”

“तिला आहे, आई.”

आई खाली बसली. आता पाणवठ्यावर बायका काय बोलतील, हे तिला इथूनच ऐकू येत होतं. सुतार अंगावरचा भुसा झटकून उभा राहिला.

“कधी आणणार तिला?” आईने विचारलं.

“अंधार पडला की. मागच्या गल्लीने.”

“मागच्या गल्लीने आणलीस, तर मी दार उघडणार नाही,” आई म्हणाली. “आत्ता जा. बाजारातून आण.”